नशा थांबल्यानंतरचे दिवस : व्यसनमुक्ती, मानसिक आघात आणि स्वतःची निगा

व्यसनमुक्तीच्या उपचारांत ज्या काळाविषयी सर्वांत कमी बोलले जाते, तो नशा थांबल्यानंतरचा काळ होय. केंद्रातून किंवा रुग्णालयातून घरी परतलेली व्यक्ती पीत नाही, एवढ्यावर घरातील आणि वाडीतील माणसे समाधान मानतात. परंतु नेमक्या त्याच आठवड्यांत त्या व्यक्तीची झोप उडालेली असते, क्षुल्लक आवाजाने ती दचकते, वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले प्रसंग डोळ्यांसमोर येऊ लागतात, आणि ‘आता सगळे चांगले चालले आहे, तरी हा असा का वागतो’ असा प्रश्न कुटुंबाला पडतो. याचे उत्तर असे की अनेकांच्या बाबतीत दारू किंवा अन्य नशा ही चैन नसते, तर एखाद्या जुन्या दुःखावर स्वतःच शोधलेला उपाय असतो. तो उपाय काढून घेतला की दुःख उघडे पडते. म्हणून त्या दुःखाची निगा राखणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्या निगेला एक क्रम आहे : आधी शरीर, घर आणि दिनक्रम सुरक्षित करावयाचा, आणि त्यानंतरच आठवणींना हात घालावयाचा. हा क्रम उलटला, तर उपचारांनीच माणूस पुन्हा बाटलीकडे ढकलला जाऊ शकतो.

मानसिक आघात म्हणजे जीव, शरीर किंवा अब्रू धोक्यात आणणारा असा अनुभव, की ज्याच्यापुढे माणसाची सहन करण्याची नेहमीची शक्ती अपुरी पडते. अपघात, पूर, दरड कोसळणे, मारहाण, लैंगिक अत्याचार, बालपणी घरात सतत पाहिलेली हिंसा हे सर्व या व्याख्येत येते. अशा अनुभवानंतर नको असताना पुन्हा पुन्हा येणारी आठवण, दुःस्वप्ने, सतत सावध राहणे, माणसांपासून तुटलेपण आणि त्या जागेची वा विषयाची टाळाटाळ ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडवू लागली, तर त्या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडले की व्यसनाधीन व्यक्ती पुष्कळदा असह्य भावनांवर स्वतःच औषधोपचार करीत असते. त्यानंतर १९९८ मध्ये विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे क्लेशकारक अनुभव आलेल्या व्यक्तींमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे अनुभव न आलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट असतो. याचा अर्थ आघात झालेला प्रत्येक माणूस व्यसनी होतो असा नाही, आणि प्रत्येक व्यसनामागे आघातच असतो असेही नाही. मात्र ‘मनाने कमकुवत म्हणून पितो’ हे गावोगाव ऐकू येणारे निदान किती अपुरे आहे, ते यावरून समजते.

चिपळूण–कऱ्हाड मार्गावर कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडे असलेल्या अलोरे गावाच्या संदर्भात हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले. कोळकेवाडीचे धरण, त्याच्या पायथ्याचे वीजगृह आणि प्रकल्पातील कामगारांची वसाहत यांच्याभोवती येथील दोन-तीन पिढ्यांचे आयुष्य उभे राहिले. घाटापलीकडे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या परिसराच्या स्मृतीत आहे, आणि कोयना खोऱ्यातील लहानमोठे धक्के ती स्मृती आजही जागी करतात. २ जुलै २०१९ च्या रात्री याच चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडीतील घरे आणि माणसे वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुरात चिपळूण शहर बुडाले, आणि कित्येकांचे दुकान, घर व आयुष्याची कमाई एका दिवसात चिखलाखाली गेली. अशा आपत्तीनंतर पंचनामे होतात, रस्ते दुरुस्त होतात, परंतु रात्री पावसाचा जोर वाढला की उठून बसणाऱ्या माणसाची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. आपत्तीनंतर ‘थोडी घेतली की झोप लागते’ असे म्हणत सुरू झालेले पिणे पुढे रोजचे होते, तेव्हा त्या पिण्याचा आणि त्या रात्रीचा संबंध खुद्द पिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

तरीही मनाकडे वळण्यापूर्वी शरीराचा विचार करणे आवश्यक आहे, कारण दीर्घकाळ रोज पिणाऱ्या व्यक्तीने दारू एकाएकी बंद करणे जीवघेणे ठरू शकते. दारू थांबल्यावर शरीर जी प्रतिक्रिया देते, तिला विथड्रॉवल म्हणजे वियोगलक्षणे म्हणतात : पहिल्या चोवीस तासांत हातांना कंप, घाम, मळमळ आणि अस्वस्थता; पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका; आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांदरम्यान काहींना होणारा तीव्र भ्रम, ज्यात नसलेल्या गोष्टी दिसतात, वेळ-काळाचे भान जाते, ताप आणि छातीची धडधड वाढते. ही शेवटची अवस्था म्हणजे तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ होय. अशा वेळी त्या व्यक्तीला खोलीत कोंडून ठेवणे किंवा ‘बाहेरची बाधा’ समजून अन्यत्र नेणे यात मोलाचे तास जातात. दारूमुळे शरीरातील बी-१ जीवनसत्त्व कमी झालेले असते आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर प्रारंभीच ते देतात. याआधी कधी फिट आली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा सकाळी उठल्या-उठल्या पिण्याची वेळ येत असेल, तर घरच्या घरी दारू सोडण्याचा प्रयोग करूच नये.

येथे एका धोकादायक प्रथेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून अनेक घरांतून जेवणात किंवा चहात औषध मिसळले जाते. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या व्यक्तीने दारू प्यायली, तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया येते आणि ती प्राणघातकही होऊ शकते. औषध थांबवल्यानंतरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला संपूर्ण माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच घ्यावयाचे असते. नावगाव नसलेल्या पुडीत काय आहे हे तर देणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय ज्याचा विश्वास एकदा आघाताने मोडला आहे, त्याला आपल्याच घरात फसवले गेल्याचे कळले, तर ती नवी जखम ठरते.

ग्रामदेवतेपुढे घातलेले गाऱ्हाणे, देवाची शपथ किंवा गळ्यात घातलेली तुळशीची माळ यांचा विचार वेगळ्या आदराने केला पाहिजे. माळेमुळे दारू सुटलेली माणसे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आहेत, आणि त्यामागे श्रद्धेइतकीच संगतीची ताकद आहे : भजनाची बैठक, वारीतली सोबत, संध्याकाळ घालवण्याची दुसरी जागा. मात्र शपथ वियोगलक्षणांवरचे औषध नाही, आणि ती मोडली गेलीच तर ‘आता देवही कोपला’ या भयाने माणूस अधिक पितो, असे होऊ देऊ नये. शपथ घेतलेल्याने डॉक्टरांकडेही जावे. या दोहोंत कसलाही विरोध नाही.

शरीर स्थिरावल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने हे निगा राखण्याचे खरे दिवस असतात. स्वतःची निगा हा शब्द काहींना चैनीचा वाटतो. घरची शेती, नोकरी, कर्जाचे हप्ते समोर असताना स्वतःकडे काय पाहायचे, असे विशेषतः कर्त्या माणसाला आणि गृहिणीला वाटते. प्रत्यक्षात येथे निगा म्हणजे अगदी साध्या गोष्टी आहेत. ठरलेल्या वेळी उठणे आणि झोपणे, सकाळी काही खाल्ल्याशिवाय घराबाहेर न पडणे, पोटाला सोसेल असा आहार घेणे, ज्यात पेज, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले असे घरचे पदार्थ उत्तम चालतात, दिवसा अंगमेहनतीचे किंवा चालण्याचे काम करणे आणि दुपारनंतर चहाचे प्रमाण कमी ठेवणे, एवढ्यानेही मज्जासंस्था हळूहळू शांत होऊ लागते. झोप पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात हे आधीच माहीत असावे, नाहीतर झोपेसाठी पुन्हा एक पेग किंवा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, असा मार्ग शोधला जातो. झोपेच्या काही गोळ्यांचेही व्यसन लागते. आपण दारू प्यायलो असे स्वप्न पडणे ही या काळातील नेहमीची गोष्ट आहे, आणि त्याबद्दल स्वतःला दोषी मानण्याचे कारण नाही.

तलफ, म्हणजे नशेची तीव्र ओढ, ही लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, मात्र त्या अर्ध्या तासात ती कधीच संपणार नाही असे वाटते. जगभरातील स्वमदत गटांत यासाठी एक साधी पडताळणी शिकवली जाते : तलफ आली की आपण भुकेले आहोत का, रागावलेले आहोत का, एकटे पडलो आहोत का, थकलेले आहोत का, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत, आणि उत्तर ‘हो’ आले असेल त्या गोष्टीवर प्रथम उपाय करावा. जेवावे, माणसांत जाऊन बसावे, आडवे व्हावे, ज्याच्याशी मोकळे बोलता येते त्याला फोन करावा. हाती रोख पैसे कमी ठेवणे, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा घालून घेणे, गुत्त्यावरून जाणारी वाट काही महिने सोडणे हे उपाय वरकरणी बालिश वाटले तरी उपयोगी पडतात, कारण तलफेच्या क्षणी निर्धार फार काळ पुरत नाही. आधी करून ठेवलेली व्यवस्थाच उपयोगी पडते.

आघाताची आठवण अंगावर येते, तेव्हा माणूस त्या क्षणापुरता भूतकाळातच असतो; अशा वेळी ‘विसरून जा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. वर्तमानात परत येण्याच्या तंत्राचा आधार मात्र घेता येतो. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, गार पाण्याने तोंड धुवावे, आजची तारीख आणि आपण कोठे आहोत हे स्वतःला सांगावे, आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यास अधिक वेळ द्यावा. मन शांत असताना याचा रोज सराव केला, तरच ते संकटाच्या वेळी हाताशी येते. डोळे मिटून ध्यान करणे सर्वांनाच सोसते असे नाही. काही आघातग्रस्तांना डोळे मिटताच प्रसंग दिसू लागतात, त्यांनी डोळे उघडे ठेवून चालावे, लिहावे, बागेत काम करावे.

कोकणातील पाऊस ही या बाबतीत स्वतंत्रपणे विचारात घ्यावयाची गोष्ट आहे. २०१९ किंवा २०२१ ची आपत्ती पाहिलेल्यांना दर वर्षी जून-जुलैत अस्वस्थता वाढल्याचे जाणवू शकते. आघाताच्या तारखेच्या आसपास लक्षणे उफाळून येण्यास वार्षिक प्रतिक्रिया म्हणतात, आणि ती दुबळेपणाची खूण नाही. तिच्यावर केवळ धीराचे शब्द पुरत नाहीत, कारण भीती सर्वस्वी खोटी नसते. नदी खरोखरच भरू शकते. म्हणून मे महिन्यातच कागदपत्रे, औषधे, बॅटरी आणि कोरडे कपडे एका पिशवीत उंचावर ठेवावेत, जाण्याची जागा आणि वाट ठरवावी, नदीच्या आणि धरणाच्या पातळीची माहिती एकाच विश्वासार्ह सरकारी सूत्राकडून घ्यावी, मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांचे संदेश रात्री पाहू नयेत, आणि अतिवृष्टीच्या रात्री घरातील जाग्रणाच्या पाळ्या लावाव्यात, जेणेकरून व्यसनातून सावरणाऱ्या व्यक्तीवर संपूर्ण रात्रीचा भार पडणार नाही. तयारी असलेल्या घरात भीती असते, पण ती माणसाला असहाय करीत नाही.

आठवणींविषयी कधी आणि कोणाशी बोलावे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जूडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले : सुरक्षिततेची स्थापना, स्मरण व शोक, आणि समाजाशी पुन्हा जोडले जाणे. यातील पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्यावर उडी घेऊ नये, हा त्यातील व्यवहाराला सर्वांत उपयोगी भाग आहे. ज्याला दारू सोडून आठवडाही झाला नाही, त्याच्याकडून सर्वांसमोर सगळी हकीकत वदवून घेणे म्हणजे खपली ओढून काढणे होय. नातेवाइकांनी तपशील विचारू नयेत, बोलू इच्छिणाऱ्याला अडवूही नये. सखोल काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करावे, आणि व्यसन व आघात या दोन्ही गोष्टी त्यांना पहिल्याच भेटीत सांगाव्यात, कारण एकीचा उपचार करताना दुसरी दडलेली राहिली, तर दोन्ही परत डोके वर काढतात.

अपराधभावनेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नशेत असताना घरच्यांना झालेली मारहाण, विकलेले दागिने, मुलांच्या शाळेत झालेली शोभा हे शुद्धीवर आल्यानंतर एकदम आठवते, आणि स्वतःवर झालेला अन्याय व स्वतः केलेला अन्याय एकाच मनात शेजारी उभे राहतात. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता महाराष्ट्रातही सभा भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांत नुकसान भरून देण्याला स्थान आहे, परंतु त्याने समोरच्याला अधिक इजा होणार नसेल तरच, अशी अट तेथे घातलेली आहे. घाईने मागितलेली माफी पुष्कळदा स्वतःचा भार हलका करण्यासाठी असते. पत्नीला शब्दांपेक्षा वेळेवर हाती पडणारा पगार आणि न ओरडता संपलेली संध्याकाळ अधिक खरी वाटते, आणि तिने क्षमा करावी असा हक्क कोणालाही पोचत नाही. एखादे वेळी पाय घसरलाच, तर त्याला स्लिप म्हणतात, आणि त्याच दिवशी समुपदेशकाला कळवल्यास ती तेवढ्यावर थांबू शकते. लपवलेली स्लिप मात्र जुन्या व्यसनात परत नेते. अफूजन्य नशा करणाऱ्यांना आणखी एक धोका असतो : काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा आता प्राण घेऊ शकते.

शिमगा आणि गणपती या दोन सणांची आखणी आधीच करावी. पालखीबरोबर फिरताना किंवा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मेळाव्यात ‘आज बसू या’ हे निमंत्रण प्रेमानेच येते, म्हणूनच ते नाकारणे अवघड जाते. ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे असते. सोबतीला न पिणारा एक भाऊबंद ठेवावा, आणि अंधार पडण्यापूर्वी घरी यावे. सणात सामील न होणे हा उपाय नव्हे. ढोल, आरती, नमन यांतला आनंद नशेशिवायही मिळतो, हे शरीराला पुन्हा शिकवावयाचे असते.

पत्नी, आई आणि मुले यांची निगा हा या विषयाचा दुर्लक्षित अर्धा भाग आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या आधाराने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला गेला. नवरा पीत होता तेव्हा सतत सावध राहिलेल्या स्त्रीचे शरीर तो थांबल्यावरही सावधच राहते. त्याचा श्वास हुंगणे, खिसे तपासणे तिला एका दिवसात सोडता येत नाही, आणि त्यासाठी तिला संशयी ठरवणे अन्यायाचे आहे. तिला स्वतःची झोप, स्वतःच्या मैत्रिणी आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे. मारहाण चालू असेल, तर तिची आणि मुलांची सुरक्षितता ही नवऱ्याच्या उपचारांहून आधी येते. मुलांना त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावे की हा आजार आहे आणि तो त्यांच्यामुळे झालेला नाही. स्त्रियाही व्यसनाधीन होतात, परंतु लाजेपोटी त्या उपचारांपर्यंत फार उशिरा येतात. त्यांच्यामागे अत्याचाराचा इतिहास असण्याची शक्यता लक्षात घेऊन त्यांना स्वतंत्र आणि सुरक्षित जागी उपचार मिळावेत.

केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का, तेथे डॉक्टर प्रत्यक्ष येतात का, आणि नातेवाइकांना भेटू दिले जाते का, हे पाहावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारातच मोडतात, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. जेथे मारहाण हाच उपचार समजला जातो, तेथे आघातग्रस्त व्यक्तीला एक दिवसही ठेवू नये. अलोरे परिसरातील कुटुंबांनी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चिपळूणनजीकच्या कामथे उपजिल्हा रुग्णालयात जावे. डेरवणचे वालावलकर रुग्णालय याच तालुक्यात आहे, आणि राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले, आणि हे प्रमाण बदलण्याची सुरुवात बहुधा एका फोनने होते. मानसिक आधारासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध असून त्यावर मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आणि फिट, भ्रम किंवा जीव देण्याची भाषा दिसताच, सकाळची वाट न पाहता, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.